माहूरचा गड आणि दोन खुर्च्या

रेणुकामातेचं दर्शन घेऊन पायऱ्या उतरणाऱ्यांच्या हातात तांबूल असतो. विड्याची पानं, सुपारी, कात एकत्र कुटून केलेला हा माहूरचा प्रसाद. दात पडलेल्या म्हातारीलाही चघळता येईल इतका मऊ. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना हळदकुंकू, बांगड्या, खणानारळाची दुकानं, मध्येच थबकून दम खाणारी माणसं, कडेवरची लेकरं. कुणी पैनगंगा ओलांडून यवतमाळकडून आलेलं असतं, कुणी किनवटच्या बाजूने, कुणी तेलंगणातल्या आदिलाबादहून. मराठवाडी, वऱ्हाडी, तेलुगू, बंजाऱ्यांची गोरमाटी, गोंडी अशा सगळ्या बोली या एका चढणीवर ऐकू येतात.

वर गाभाऱ्यात देवीची पूर्ण मूर्ती नाही. फक्त मुख आहे. त्यामागची कथा इथलं शेंबडं पोरही सांगेल. सहस्रार्जुनाने जमदग्नींना मारलं, तेव्हा परशुराम कावडीच्या एका पारड्यात वडिलांचा देह आणि दुसऱ्यात आईला घेऊन फिरत फिरत माहूरला आला. अंत्यविधीचं आचार्यपद दत्तात्रेयांनी घेतलं. रेणुका सती गेली. एकटा उरलेला मुलगा आईसाठी आक्रोश करू लागला, तेव्हा आकाशवाणी झाली की तुझी आई जमिनीतून वर येईल, तोवर मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर निघाला नाही. तो वळला त्या क्षणी मुखच तेवढं वर आलेलं होतं.

महाभारताच्या वनपर्वातली रेणुकेची गोष्ट याहून कठोर आहे. तिथे बापाच्या आज्ञेवरून परशुराम आईचं डोकं उडवतो. बाप प्रसन्न होऊन वर माग म्हणतो, तेव्हा तो आईचं जीवदान मागतो आणि इतर वरांच्या जोडीला हेही मागतो: आपल्याला मारलं गेलं होतं, हे तिला आठवू नये.

एका गोष्टीत मागे पाहायची मनाई, दुसऱ्या गोष्टीत आठवणीची. या दोन्ही गोष्टी मनात ठेवून खाली उतरलं की पायथ्याच्या गर्दीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. या अंकासाठी ‘नातं’ हा विषय ठरला, तेव्हा डोळ्यांपुढे आलं ते एक नवंच नातं: बंद खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या, ठरलेली वेळ, ठरलेली फी, आणि आपल्या रक्ताचं, गावाचं, जातीचं कुणीही नसलेला एक माणूस ऐकायला बसलेला. आई, गुरू, भगत, भाऊबंद, सोयरे अशी सगळी नाती जिथे आधीपासून नावानिशी ठरलेली आहेत, त्या मुलखात हे नातं रुजतं कसं?

बाहेरचं झालंय

मराठवाड्यात ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. जीव घाबरा होतो, छातीत भरून येतं, हातपाय गळून जातात, झोप नाही, डोक्यात इचार लई येतात, कशातच मन लागत नाही, असं सांगतात. ‘टेन्शन’ हा शब्द आता तांड्यावरच्या आजीच्याही तोंडी आहे. आणि दुखणं फार चिघळलं की घरातलं वडीलधारं माणूस हळू आवाजात म्हणतं, बाहेरचं झालंय.

‘बाहेरचं’ या शब्दाकडे सुशिक्षित माणूस अंधश्रद्धा म्हणून पाहतो आणि पुढे जातो. तिथे थोडं थांबायला हवं. दोष बाहेरून आला असं म्हटलं की तो सुनेचा राहत नाही, पोराचा राहत नाही. घराला एकत्र येऊन काहीतरी करायची वाट मिळते. सगळे मिळून कुठेतरी जातात. माहूरच्याच परिसरात जायला किती तरी ठिकाणं आहेत: रेणुकेचं देऊळ, दत्तशिखर, अनसूयेचं शिखर, सोनापीर बाबांचा दर्गा, आणि महानुभावांचं देवदेवेश्वर, जे दत्तात्रेयांचं निद्रास्थान मानलं जातं.

महानुभावांची काही स्थानं मनाच्या आजारांसाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहेत. जाळीचा देव हे त्यातलं सर्वांच्या कानावरून गेलेलं नाव. व्हिएडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी महाराष्ट्रातल्या अशाच एका महानुभाव मंदिरात राहून अभ्यास केला आणि तो १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते असं: रुग्णाला घेऊन घरच्या बायका येऊन राहतात, आणि आजारी माणसापेक्षा त्याची आई किंवा बायकोच झपाटल्यासारखी घुमू लागते. घरातलं दुखणं ती आपल्या अंगावर घेते. आजार एका डोक्यात नसून घरात आहे, ही त्या मंदिरातली धारणा. तिची किंमत मात्र बाईच्या शरीराने मोजली जाते.

ही दुसरी बाजू विसरून चालणार नाही. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण, मिरचीची धुरी, साखळदंड हे प्रकार होत आले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यात हे गुन्हे ठरले. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वाचवणारं कलमही त्याच कायद्यात आहे. ज्या पट्ट्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या पंचवीस-तीस वर्षं घरोघर ऐकू येतात, तिथे या कलमाचा अर्थ पोलिसपाटलापासून सगळ्यांना नीट कळला पाहिजे. अजून तो पुरता पोचलेला नाही.

देवळात मिळणारा आसरा, बरोबरीने दुखणं सोसणारं घर, रडायला मिळणारी मोकळीक, हे खरं आहे. पण तिथे एक गोष्ट मिळत नाही. माणसाला एकटं, घरच्यांच्या कानाआड, स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या गतीने बोलता येत नाही.

तिसऱ्या भेटीतलं घड्याळ

इथून पुढे एक उदाहरण समजुतीसाठी घेऊ. ही बाई कुणी एक नाही, किनवट-माहूर पट्ट्यातल्या अनेक घरांतून जुळवलेली आहे. वय बत्तीस. दोन लेकरं. दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाने जीव दिला. तेव्हापासून छातीत धडधड. गावातल्या डॉक्टरांकडे सलाईन झाल्या, नांदेडला ईसीजी झाला, काही निघालं नाही. गडावर ओटी भरून झाली. शेवटी मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या आणि सांगितलं, सोबत बोलायलाही या.

पहिल्या भेटीत नवरा आणि सासू दोघंही आत येतात. शहरातला उपचारक त्यांना नम्रपणे बाहेर बसवेल. जाणता उपचारक पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांना बसू देतो. सासू बोलते, नवरा बोलतो, बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते. मग तो विचारतो, “आता थोडा वेळ आम्ही दोघंच बोललो तर चालेल का, आत्याबाई?” परवानगी तिच्याकडून मागितली, म्हणून ती उठते. मराठवाड्यात सासूला सुना आत्याबाई म्हणतात. उपचारकाने तोच शब्द वापरल्याने तो त्या घराच्या बाजूला उभा राहिलेला असतो, विरुद्ध नव्हे. हे कुठल्याही परदेशी पुस्तकात लिहिलेलं सापडणार नाही.

दुसऱ्या भेटीत ती झोपेचं, कामाचं बोलते. तिसऱ्या भेटीत बस चुकल्याने अर्धा तास उशिरा पोचते आणि एकदम सांगते, “त्या रात्री त्याचा फोन आला होता. मी चुलीपाशी होते. म्हटलं भाकरी झाल्यावर लावते.” त्याच वेळी उपचारकाची नजर क्षणभर घड्याळाकडे जाते, कारण बाहेर पुढचा माणूस थांबलेला आहे. ती गप्प होते. “जाते साहेब, उशीर झाला,” म्हणते. पुढच्या आठवड्यात येत नाही.

नात्यावर उभ्या असलेल्या मानसोपचारात, ज्याला व्यवसायातले लोक ‘रिलेशनल’ म्हणतात, खरं काम इथे सुरू होतं. उपचारक निरोप पाठवतो. ती येते, तेव्हा तो आधी भावाचा विषय काढत नाही, घड्याळाचा काढतो. “मागच्या वेळी तुम्ही सगळ्यात अवघड गोष्ट सांगत होतात आणि मी घड्याळाकडे पाहिलं. तुम्हाला काय वाटलं?” बराच वेळ ती बोलत नाही. मग म्हणते, “वाटलं, तुम्हालाबी काम होतं. मलाबी होतं त्या दिवशी.”

त्या एका वाक्यात तिचा सगळा आजार आहे. भावाने हाक मारली तेव्हा आपण कामात होतो. आपण हाक मारली तेव्हा समोरचा कामात होता. फरक इतकाच की इथे समोरचा माणूस परत आला, चूक कबूल केली, आणि ती रागावली तरी नातं तुटलं नाही. असा अनुभव तिला दोन वर्षांत कुठे मिळाला नव्हता. जेरेमी सॅफ्रन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने उपचारातल्या अशा तडा जाण्यावर आणि सांधण्यावर आयुष्यभर काम केलं. तडा गेल्याचं उघड बोलून तो सांधला जाणं हाच उपचाराचा गाभा असतो, हे त्याने दाखवलं.

त्यानंतर कुठे विचारांचं काम. ‘मी फोन उचलायलाच पाहिजे होता’ यातला ‘च’ तपासायचा. तुम्हाला त्या क्षणी माहीत होतं का? माहीत असतं तर काय केलं असतं? माहीत नसताना भाकरी करणाऱ्या बाईला कुठली शिक्षा द्यायची? हे आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार, या पद्धतीतलं काम. मग दिवसाचा क्रम: सकाळी शेजारणीबरोबर शेतावर जाणं, सोडून दिलेलं शिवणकाम पुन्हा हातात घेणं. हे वर्तनोपचाराचं. मग भावाशी राहून गेलेलं बोलणं, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून. हे गेस्टाल्ट पद्धतीचं. आणि अगदी पहिल्याच भेटीत सरळ, न चाचरता विचारलेला प्रश्न: जीव द्यावा असं तुमच्या मनात येतं का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो.

एकच ग्लोरिया, तीन उपचारक

या सगळ्याची मिसळ करण्याला ‘इंटिग्रेटिव्ह’ किंवा समन्वयी पद्धत म्हणतात. मिसळ हा शब्द इथे अपुरा आहे, कारण काय कधी वापरायचं याला शिस्त लागते. ती शिस्त कळायला १९६५ सालची एक फिल्म पाहावी. ग्लोरिया नावाची एक स्त्री, आणि तिच्याशी एकामागून एक बोलणारे तीन दिग्गज: कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. रॉजर्स तिच्या शब्दांमागची भावना परत तिच्या हातात देतात. पर्ल्स तिला टोचतात, डिवचतात. एलिस तिच्या विचारांची उलटतपासणी घेतात. तिघांच्या पद्धतीत जमीन-अस्मानाचं अंतर. फिल्ममध्ये ग्लोरियाने पर्ल्स यांना झुकतं माप दिलं, पण पुढे वर्षानुवर्षं पत्रांतून नातं टिकलं ते रॉजर्स यांच्याशी.

या कोड्यावर सॉल रोझेनझ्वाइग यांनी १९३६ सालीच बोट ठेवलं होतं: पद्धती वेगवेगळ्या असूनही माणसं सारखीच बरी होत असतील, तर सगळ्यांमध्ये काहीतरी समान काम करत असलं पाहिजे. रॉजर्स यांनी १९५७ साली त्या समान गोष्टीचं वर्णन केलं: उपचारकाचा सच्चेपणा, बिनशर्त स्वीकार, आणि दुसऱ्याच्या जागी जाऊन समजून घेणं. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली ते आणखी नेमकं केलं. ध्येयाबद्दल एकमत, करायच्या कामाबद्दल एकमत, आणि जिव्हाळा. या तीन धाग्यांचा पीळ जितका घट्ट, तितका गुण येण्याचा संभव जास्त, हे नंतरच्या शेकडो अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं.

त्यातला मधला धागा मराठवाड्यात सगळ्यात लवकर तुटतो. बाईला वाटतं डॉक्टर काहीतरी देणार, उपचारकाला वाटतं बाई काहीतरी बोलणार. ‘नुसतं बोलून काय होतं साहेब?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. कामाबद्दल एकमत व्हायचं बाकी आहे, एवढंच तो सांगतो.

पत्रातून आलेली विद्या

मानसोपचारकाची पार्श्वभूमी हा त्याच्या उपचाराचाच भाग असतो. तो कुणाकडे शिकला, कशातून गेला, कुणापुढे स्वतः रडला, हे खोलीत त्याच्याबरोबर येतं.

महाराष्ट्रात ही विद्या कशी आली याची एक ओढ लावणारी कथा आहे. मुंबईच्या प्रा. कि. मो. फडके यांनी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला. इंटरनेट नव्हतं, परदेशी फोन परवडत नव्हता. एक मराठी माणूस पत्रातून शंका विचारत राहिला, आणि त्या काळातला जगप्रसिद्ध उपचारक उत्तरं देत राहिला. विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने फडके यांनी ती पद्धत मराठीत आणली, शिकवली, पुढच्या पिढ्या घडवल्या. डॉ. अंजली जोशी यांनी पुढे ‘मी अल्बर्ट एलिस’ लिहून एलिस यांना मराठी कादंबरीत उभं केलं. बुद्धीवर भर देणारी ही पद्धत इथे रुजली ती मात्र एका गुरुशिष्यनात्यातून.

ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींची वाट आणखी वेगळी. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली उभ्या केलेल्या व्यसनमुक्ती केंद्रात, ते सुरुवातीपासून होते. १९९० साली त्यांनी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच सुरू केली. विवेकनिष्ठ मानसोपचार आणि भारतीय तत्त्वविचार यांची सांगड घालत त्यांनी लिहिलं, व्याख्यानं दिली, स्वतःच्या भावविश्वाबद्दलही मोकळेपणाने लिहिलं. मराठी वाचकाला मानसोपचारकाच्या खुर्चीतला माणूस दिसू लागला तो मोठ्या प्रमाणात त्यांच्यासारख्यांच्या लेखनातून. नांदेडात डॉ. नंदू मुलमुले हेही त्याच जातीचे: मनोविकारतज्ज्ञ आणि लेखक.

गुरुशिष्यनात्याचा विचार देशपातळीवर मांडला तो डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी. मनोविकारतज्ज्ञ आणि पंजाबी कवी. १९७३ साली त्यांनी लिहिलं की भारतीय माणूस उपचारकाकडे गुरूच्या अपेक्षेने येतो आणि हा दोष समजून झिडकारू नये, त्यातून उपचाराचं स्वतंत्र रूप घडू शकतं. पश्चिमेत अवलंबून राहणं हे बालपण मानलं जातं. इथे ते नात्याचं दार असतं. माहूर ही दत्ताची भूमी. अवधूताने पृथ्वी, वारा, मधमाशी, अजगर असे चोवीस गुरू केले, ही कथा इथे पारायणातून घरोघर पोचलेली आहे. चोवीस ठिकाणांहून शिकणाऱ्याच्या मुलखात समन्वयी उपचारकाला परकं वाटू नये.

नेकींच्या म्हणण्यात एक धोकाही आहे. गुरूला प्रश्न विचारत नाहीत. मानसोपचारात मात्र रुग्णाने ‘तुमचं चुकलं’ म्हणणं हा मोठा टप्पा असतो. वरच्या उदाहरणातली बाई घड्याळाबद्दल बोलू शकली, कारण उपचारक गुरूच्या आसनावरून खाली उतरला. समोरचा पाया पडायला वाकला की थोपवायचं कसं, न दुखावता, हे इथल्या प्रत्येक उपचारकाला शिकावं लागतं.

फी, भिंत आणि शेवटची बस

खासगी प्रॅक्टिसमधल्या अडचणी तत्त्वज्ञानाच्या कमी आणि भिंतीच्या जास्त असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी गाळा भाड्याने घेतला, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन घातलं, तर पलीकडच्या बाकड्यावर बसलेल्याला सगळं ऐकू जातं. मग बाहेर जोरात पंखा लावायचा, नाही तर बाकडं लांब सरकवायचं. पाटीवर काय लिहायचं हाही प्रश्न. ‘मानसोपचार’ लिहिलं तर ओळखीचा माणूस पाहील म्हणून येणारा दाराशीच वळतो. ‘समुपदेशन’ लिहिलं तर जरा सोपं जातं. लग्न जुळायचं आहे अशा मुलीचे आईबाप तर मागच्या दाराची चौकशी करतात.

माहूर ते नांदेड अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. पन्नास मिनिटांच्या भेटीसाठी अख्खा दिवस, बसभाडं, बुडालेली मजुरी, आणि सोबत येणाऱ्याचीही मजुरी. दर आठवड्याला या, हे वाक्य पुण्यातल्या पुस्तकात शोभतं. इथे पंधरा दिवसांनी, महिन्याने, मध्ये फोनवर असं जमवावं लागतं. फोनवर बोलायचं तर घरात एकांत नाही. मग शेताच्या बांधावर जाऊन, रेंज धरून बोलायचं. शेवटची बस हेच अनेकदा भेटीचं खरं घड्याळ असतं.

आणि छोट्या गावात सीमा सांभाळायच्या कशा? उपचारक भाजी घ्यायला जातो तिथे कालचा रुग्ण विक्रेता असतो. लग्नाच्या पंगतीत ती बाई समोर बसलेली असते. आपण ओळख दाखवायची की नाही, हे आधीच एकमेकांत ठरवून ठेवावं लागतं. हरभऱ्याचं गाठोडं घेऊन आलेल्या माणसाला ‘भेटवस्तू घेत नाही’ म्हणणं नियमाला धरून असेल, पण त्याच्या घरी त्याचा अर्थ अपमान असा होतो. जाणते उपचारक गाठोड्याबद्दल बोलतात: हे देताना तुम्हाला काय वाटलं, आणि मी घेतलं नाही तर काय वाटेल?

मनोविकारतज्ज्ञ मुळात कमी. देशात लाखामागे एकसुद्धा भरत नाही. २०१९च्या एका गणतीनुसार ०.७५. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथे आहेत, चारही मराठवाड्याबाहेर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे होते. समुपदेशक म्हणवणाऱ्यांना मात्र बरीच वर्षं कुठलीच चौकट नव्हती. २०२१च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात त्यांचा समावेश झाला, पण अंमलबजावणी रेंगाळते आहे. म्हणून आजही विचारायचं ते आपणच: तुम्ही कुठे शिकलात, तुमच्या कामावर कुणाची देखरेख आहे? देखरेख, म्हणजे सुपरव्हिजन, हा शब्द रुग्णांना माहीतच नसतो. चांगला उपचारक स्वतः कुणा ज्येष्ठापुढे नियमाने आपल्या चुका मांडतो. खुर्च्या दोन दिसतात, तिसरी खोलीबाहेर असते.

किल्लारीच्या रात्रीनंतर

एकेका खुर्चीने हा मुलूख भागणार नाही, हे सगळ्यात आधी लातूरने दाखवलं. २९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा निजले. ३० तारखेच्या पहाटे चार वाजायच्या आत भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसं गेली. ढिगारे उपसले गेले, नवी घरं बांधली गेली. मनाचं काय, हा प्रश्न मागे उरला. अभिनेते म्हणून सगळ्यांना माहीत असलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या एका प्रकल्पाचे प्रमुख संशोधक होते. भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याच्या गरजा आणि सेवा पोचवण्याची पद्धत हाच त्याचा विषय.

पुढे गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने दाखवलं की मानसशास्त्राची पदवी नसलेली, स्थानिक, नीट शिकवलेली माणसं प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून नैराश्यावर सहा ते आठ भेटींत परिणामकारक उपचार करू शकतात. त्यांच्या भेटींचं ध्वनिमुद्रण व्हायचं आणि सगळे समुपदेशक एकत्र बसून एकमेकांचं काम तपासायचे. तिसरी खुर्ची तिथेही होती. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत झालेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे काम गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी केलं. माहूरहून अमरावती दूर खरी; पण कापूस तोच, कर्ज तेच, आणि संध्याकाळी घरी बसणारं मौनही तेच.

राज्य सरकारने २०१५ साली मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. आशा ताईंनी घरोघर जाऊन शेतकरी कुटुंबांची विचारपूस करायची आणि गरज असेल त्याला पुढे पाठवायचं. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्राची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या, कृषी सेवा केंद्राच्या, एसटी थांब्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला असायला हवा.

आशा ताईजवळ पन्नास मिनिटं नसतात. लसीकरण, बाळंतपण, नोंदवह्या यांतून ती वेळ काढते. पण उंबऱ्यावर बसून ‘काय गं माय, जेवलीस का नीट?’ एवढं ती विचारते, तेव्हा बॉर्डिनच्या तीन धाग्यांतला जिव्हाळ्याचा धागा तिच्या हातात आधीच असतो. उरलेले दोन तिला शिकवता येतात. गोरमाटी, गोंडी, कोलामी बोलणाऱ्या घरांत तर शहरातून आलेल्या पदवीधरापेक्षा तीच आधी पोचेल. तिला शिकवणारा, तिचं ऐकणारा आणि तिच्याकडून आलेल्या अवघड माणसाला पुढे घेणारा प्रशिक्षित उपचारक तालुक्याच्या ठिकाणी हवा. आज तो नांदेडला आहे, किंवा पुण्याला, किंवा मोबाइलच्या पडद्यावर.

पुन्हा पायथ्याशी

सांज झाली की दत्तशिखराकडे जाणाऱ्या गाड्या कमी होतात. दत्तप्रभू दिवसभर कुठेही असले तरी निद्रेला माहूरला येतात, अशी श्रद्धा आहे. पायथ्याची दुकानं आवरायला लागतात, खलबत्ते पुसले जातात. तांड्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये बायका दाटीवाटीने बसतात.

वरच्या उदाहरणातली ती बाई खरी असती, तर सहा-सात महिन्यांनी या जीपमध्ये असती. गडावर ती पुन्हा आलेली असती, तिला कुणी थांबवलं नसतं. उपचारकाने तर विचारलंच असतं, देवीपुढे उभं राहिल्यावर काय बोललात? आणि तिने सांगितलं असतं, या खेपेला भावाचं नाव घेतलं, मोठ्याने. आत्याबाई शेजारीच उभ्या होत्या.

जीप भरली. पुढच्या सीटवरून एका म्हातारीने मागे हात करून सगळ्यांना थोडा थोडा तांबूल दिला.